लिनक्स नव्याने टाकण्याआधी: पार्टिशन आणि बॅकअपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या संगणकावर उबुंटू, मिंट किंवा डेबियन पुन्हा टाकायला निघालेल्यांचे प्रश्न साधारण एकाच वळणाचे असतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सर्व्हरचा विचार यात नाही. कमांड आणि फोल्डरची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. अगदीच घाई असेल तर प्रश्न ३, ९ आणि १३ तेवढे वाचा.

१. सिस्टीम नव्याने टाकायची खरंच गरज आहे का? अपग्रेडवर भागणार नाही?

बऱ्याचदा भागतं. उबुंटूची एक एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती पुढच्या एलटीएसवर नेता येते, फक्त मधली गाळून उडी मारता येत नाही: २०.०४ वरून आधी २२.०४, मग २४.०४. डेबियनचंही तसंच, ११ वरून १२ आणि १२ वरून १३. उबुंटू २०.०४ चा सर्वसाधारण सपोर्ट २०२५ मध्ये संपला, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो.

नव्याने टाकणं सोयीचं कधी? डिस्क बदलायची असेल, पार्टिशनची (डिस्कच्या पाडलेल्या भागांची) रचनाच मोडायची असेल, ३२-बिटवरून ६४-बिटवर जायचं असेल, किंवा इकडून तिकडून जोडलेल्या पीपीएमुळे (बाहेरच्या पॅकेज-स्रोतांमुळे) पॅकेजं एकमेकांत अडकून बसली असतील तेव्हा. नुसता डेस्कटॉप विचित्र वागतोय म्हणून सिस्टीम पुसू नका. आधी एक नवीन युजर तयार करून त्यातून लॉगिन करून बघा. तिथे सगळं सुरळीत चाललं तर दोष सिस्टीमचा नाही, तुमच्या होममधल्या (खात्याच्या वैयक्तिक फोल्डरमधल्या) सेटिंगचा आहे, आणि तो फॉरमॅट न करता सुटतो.

बॅकअप मात्र दोन्ही वाटांना लागतो.

२. इन्स्टॉलर चालू करण्याआधी पहिलं काम कोणतं?

डिस्कवर आत्ता काय आहे ते कागदावर उतरवायचं. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही कमांड एफ या पर्यायासह चालवली की प्रत्येक पार्टिशनचं नाव, फाइलसिस्टीम (फाइल मांडण्याची पद्धत), लेबल, यूयूआयडी (पार्टिशनची ओळख-संख्या) आणि ते कुठे माउंट झालंय, म्हणजे कोणत्या फोल्डरला जोडलंय, हे दिसतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सिस्टीम पुसल्यावर हाताशी मोबाइलच असतो.

समजा, यादी अशी दिसली: एनव्हीएमई०एन१पी१ व्हीफॅट, माउंट /बूट/ईएफआय, पी२ एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टीम), माउंट नाही, पी३ ईएक्सटी४ (लिनक्सची), माउंट रूटवर (सिस्टीम जिथे बसते त्या मुळाशी), आणि एसडीए१ ईएक्सटी४, माउंट /होम. एवढ्यावरून चार गोष्टी कळतात. संगणक युईएफआयने (बायोसच्या नव्या पिढीने) बूट होतो, त्यावर विंडोज आहे, होम वेगळ्या डिस्कवर आहे, आणि इन्स्टॉलरमध्ये फॉरमॅटची खूण फक्त पी३ वर पडायला हवी. हे शेवटचं वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

५०० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क ४६५ ची दिसली तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, बरीचशी साधनं १०२४ च्या पटीत. जागा कुठे हरवलेली नसते.

३. बॅकअपमध्ये होम फोल्डर घेतला की झालं ना?

नाही, आणि लोकांची सर्वाधिक फसगत इथेच होते. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे होममध्ये असतं हे खरं, पण बऱ्याच गोष्टी होमबाहेर राहतात.

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीचा डेटा /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये असतो. पोस्टग्रेसही /व्हारमध्येच. सर्व्हर चालू असताना हे फोल्डर कॉपी केले तर अर्धवट लिहिलेली पानं हाती येतात, म्हणून मायएसक्यूएलडंप किंवा पीजीडंपऑल वापरून डंप (डेटाची मजकूर-प्रत) काढायचा. डॉकरचे व्हॉल्यूम /व्हार/लिब/डॉकरमध्ये, व्हर्ट-मॅनेजरची व्हर्च्युअल मशिन /व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेसमध्ये. वेबसाइट बनवणाऱ्यांचं काम /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये पडलेलं असतं. शिवाय कुणी हाताने /ऑप्ट किंवा /एसआरव्हीमध्ये काही ठेवलं असेल तर ते.

/ईटीसी (सिस्टीमच्या सेटिंगचा फोल्डर) पूर्ण घ्या, आकाराने ते किरकोळच असतं. वायफायचे पासवर्ड नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टम-कनेक्शन्स फोल्डरमध्ये असतात, उबुंटू २४.०४ मध्ये ते /ईटीसी/नेटप्लॅनमध्ये गेले आहेत. पण बॅकअपमधलं /ईटीसी नव्या सिस्टीमवर जसंच्या तसं ओतायचं नाही. त्यातली जुनी एफएसटॅब फाइल (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) नव्या यूयूआयडींशी जुळणार नाही आणि सिस्टीम बूटच्या वेळी अडकेल. लागेल तशी एकेक फाइल उघडून त्यातल्या ओळी उचलायच्या.

क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) विसरू नका. वैयक्तिक क्रॉन /व्हार/स्पूलमध्ये असतो, तो नुसता छापून एका मजकूर-फाइलमध्ये ठेवला तरी पुरे.

शेवटी पॅकेजांची यादी. एपीटी-मार्क शोमॅन्युअल या कमांडने तुम्ही मागून घेतलेली पॅकेजं मिळतात. स्नॅप आणि फ्लॅटपॅक (ॲप बसवण्याच्या दोन स्वतंत्र पद्धती) यांची यादी वेगवेगळी काढावी लागते. मिंटमध्ये बॅकअप टूल नावाचं आयतं साधन आहे, ते सॉफ्टवेअरची यादी जपून ठेवतं. यादीत मूळ इन्स्टॉलसोबत आलेली पॅकेजंही असतात, तेव्हा ती आठवण म्हणून वापरा, आज्ञा म्हणून नाही.

४. होममधले लपलेले फोल्डर तर शेकडो आहेत. त्यातले कोणते महत्त्वाचे?

जागा असेल तर सगळेच घ्या आणि फक्त .कॅश आणि ट्रॅश वगळा. निवडायचेच असतील तर हे चुकवू नका.

.एसएसएच आणि .जीएनयूपीजी: यांतल्या लॉगिनच्या आणि एनक्रिप्शनच्या किल्ल्या गेल्या तर कुणाकडूनही परत मिळत नाहीत.

फायरफॉक्स: मिंट आणि डेबियनवर त्याचं प्रोफाइल (तुमचे पासवर्ड, बुकमार्क वगैरे) सहसा .मोझिला फोल्डरमध्ये असतं. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो, त्यामुळे त्याचं प्रोफाइल होममधल्या 'स्नॅप' नावाच्या फोल्डरात खोलवर बसलेलं असतं. तो फोल्डर लपलेला नसतो, आणि म्हणूनच 'हा काय कचरा' म्हणून लोक गाळतात. पासवर्डसाठी लॉगिन्स आणि की४ अशा दोन फाइल लागतात, एकटीचा उपयोग नाही. संपूर्ण प्रोफाइल उचलणं बरं.

क्रोम: .कॉन्फिगमध्ये. पण त्याचे पासवर्ड डेस्कटॉपच्या कीरिंगमधल्या (पासवर्डच्या तिजोरीतल्या) किल्लीने बंद केलेले असू शकतात, म्हणून .लोकल/शेअर/कीरिंग्जही सोबत घ्या.

फ्लॅटपॅकच्या ॲपचा डेटा .व्हार/ॲपमध्ये. थंडरबर्डची पत्रं .थंडरबर्डमध्ये, आणि तो स्नॅप असेल तर पुन्हा त्या 'स्नॅप' फोल्डरात. जुनी पीओपी खाती (पत्रं सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारी) वापरणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. त्यांची पत्रं सर्व्हरवर उरलेलीच नसतात.

५. मराठी टायपिंग, फॉन्ट, माझा साठवलेला शब्दकोश यांचं काय?

कीबोर्डचा लेआउट (इनस्क्रिप्ट वा फोनेटिक) नव्याने निवडणं दोन मिनिटांचं काम. मेहनत असते ती स्वतः जमवलेल्या गोष्टींत. तुम्ही टाकलेले फॉन्ट .लोकल/शेअर/फॉन्ट्स किंवा जुन्या .फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल कुणाकडे असतील तर ते फॉन्ट कागदपत्रांइतकेच मोलाचे आहेत. फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उरते.

लिबरऑफिसमध्ये 'शब्दकोशात जोडा' म्हणत वर्षानुवर्षं साठवलेले मराठी शब्द .कॉन्फिग/लिबरऑफिस/४/युजर/वर्डबुकमध्ये असतात. ती छोटीशी फाइल आठवणीने घ्या. एम१७एन या टायपिंगच्या साधनाचा लेआउट स्वतःच्या सोयीने बदलला असेल तर .एम१७एन.डी हा फोल्डरही.

६. बॅकअप घ्यायचा कशाने? फाइल मॅनेजरमधून ओढून टाकलं तर चालतं का?

फोटो आणि पीडीएफपुरतं चालतं. मोठ्या होमसाठी आरसिंक (टर्मिनलमधून फाइल कॉपी करणारं साधन) वापरा. मधेच तार निघाली तर पुन्हा चालवल्यावर उरलेलं तेवढंच नेतं, आणि आर्काइव्ह पर्यायाने परवानग्या, तारखा, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे शॉर्टकट) टिकतात. हार्डलिंक, एसीएल आणि विस्तारित गुणधर्म त्यात येत नाहीत. हवे असतील तर एच, ए आणि एक्स हे तीन मोठ्या लिपीतले पर्याय जोडा.

आरसिंकमध्ये दोन जागा जपायच्या. स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर फोल्डरच्या आतलं जातं, नसेल तर फोल्डरसकट जातं. आणि डिलीट हा पर्याय: स्रोतात जे नाही ते बॅकअपमधूनही पुसतो. स्रोताची डिस्क माउंटच झालेली नसेल तर तो फोल्डर रिकामा असतो, आणि आरसिंक मुकाट्याने बॅकअपही रिकामा करतं. त्यामुळे आधी एन या पर्यायाने कोरडी तालीम घ्या, काय होणार ते वाचा, मगच खरं चालवा.

चित्रमय साधन हवं असेल तर डेजा डूप (ग्नोममध्ये त्याचं नाव नुसतं 'बॅकअप्स') चांगलं आहे. त्यात पासवर्ड ठेवलात तर तो त्याच संगणकावरच्या फाइलमध्ये लिहून ठेवू नका.

७. माझी बाहेरची डिस्क विंडोजवरही चालते. तिच्यावर बॅकअप घेतला तर काही बिघडेल?

फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल जाणार नाही. एक्सफॅटवर मोठ्या फाइल जातात, पण लिनक्सच्या परवानग्या, मालकी आणि सिमलिंक तिथे टिकत नाहीत. .एसएसएचमधली किल्ली तिथून परत आणली की सगळ्यांना वाचता येईल अशी होते आणि एसएसएच ती वापरायला साफ नकार देतं. नावात विसर्गचिन्हासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेल्या फाइलही अडतात.

एक्सफॅटवर उपाय सोपा: होमचं टार करा (सगळ्या फाइल एकाच फाइलमध्ये बांधा) आणि ती एकच फाइल त्या डिस्कवर ठेवा. टारच्या पोटात परवानग्या सुरक्षित राहतात. किंवा डिस्कचा काही भाग ईएक्सटी४ करून घ्या.

उलट दिशेलाही एक गंमत आहे, ती मराठी नावांना भोवते. ईएक्सटी४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, एक्सफॅट आणि एनटीएफएसमध्ये ती साधारण २५५ अक्षरांची. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. 'कोल्हापूर' या शब्दालाच २७ बाइट लागतात. म्हणजे ईएक्सटी४ वर नावात जेमतेम ८५ चिन्हं मावतात. 'जिल्हास्तरीय निबंध स्पर्धेचा अंतिम निकाल' छापाची, पण याच्या तिप्पट लांबीची शीर्षकं फाइलच्या नावात घातली असतील तर विंडोजच्या डिस्कवर ती आनंदाने राहतात आणि लिनक्सवर आणताना 'नाव फार लांब' म्हणून अडतात. कॉपी संपल्यावर त्रुटींची यादी वाचा, अशा फाइल मागे राहिलेल्या असतात.

८. माझ्याकडे टाइमशिफ्ट चालू आहे. तरी वेगळा बॅकअप हवा?

हवा. टाइमशिफ्ट सिस्टीमचे स्नॅपशॉट घेतं आणि मुळात होम वगळतं. अपडेटने काही मोडलं तर मागे जायला ते उत्तम आहे. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, बहुधा त्याच पार्टिशनमध्ये असतात. ते फॉरमॅट केलं की तेही गेले. गूगल ड्राइव्ह किंवा तत्सम सिंकचंही असंच: इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

९. बॅकअप बरोबर झालाय हे कसं ओळखायचं?

उघडून. दुसरा कुठलाही मार्ग नाही.

लाइव्ह यूएसबीवरून (डिस्कवर न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सने) संगणक चालू करा, बॅकअपची डिस्क जोडा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या फाइल उघडा: एखादा जुना फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून, एखादी ओडीटी, एसएसएचची किल्ली. लाइव्ह यूएसबीवरून अशासाठी, की मूळ सिस्टीमवर बसून पाहिलं तर शॉर्टकटमधून नकळत मूळ फाइलच उघडली जाते आणि समाधान खोटं ठरतं. एनक्रिप्ट केलेला बॅकअप असेल तर पासवर्ड टाकून प्रत्यक्ष एक फाइल परत आणून बघा.

मग आरसिंक कोरड्या तालमीत चेकसम पर्यायासह पुन्हा चालवा. तो दोन्हीकडची प्रत्येक फाइल वाचून ताडतो. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. सकाळी फरकांची यादी रिकामी असेल तर ठीक.

आणि जे परत मिळणारच नाही, म्हणजे घरचे फोटो, प्रबंध, हिशेब, त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. इन्स्टॉलच्या दिवशी एकच प्रत असणं मला तरी मान्य नाही.

१०. पार्टिशन किती करावीत? जुन्या पुस्तकांत तर सात-आठ सांगितली आहेत.

घरच्या संगणकाला ईएफआय (बूटच्या फाइलींचं) आणि रूट (सिस्टीमचं) अशी दोन पुरतात. होम वेगळं ठेवावं की नाही यावर वाद घालणारे पुष्कळ. माझं मत: दर काही महिन्यांनी डिस्ट्रो (उबुंटू, मिंट असा लिनक्सचा प्रकार) बदलणाऱ्यांनी किंवा दुसरी डिस्क असलेल्यांनी वेगळं ठेवावं. २५६ जीबीची एकच एसएसडी असेल तर ठेवू नये, कारण वर्षभरात रूट भरतं आणि होममध्ये जागा लोळत पडते, किंवा बरोबर उलट. वेगळं होम म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र पक्कं. डिस्क मेली की दोन्ही पार्टिशनं बरोबरच जातात.

/व्हार, /टीएमपी, /यूएसआर वेगळी करण्याची घरी गरज नाही. डेबियन १३ मध्ये /टीएमपी मुळातच मेमरीत असतं. /बूट वेगळं लागतं ते मुख्यतः एनक्रिप्शन असेल तेव्हा. तिथे किमान १ जीबी द्या. ५०० एमबीचं /बूट तीन-चार कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्त्यांत) तुंबतं आणि अपडेट अडकून बसतात.

जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशनं होतात आणि २ टीबीपुढची जागा वापरता येत नाही. सगळी डिस्क पुसणारच असाल तर जीपीटी ही नवी पद्धत घ्या.

११. रूटला नक्की किती जीबी द्यायचे?

उबुंटू २५ जीबी मागतं, मिंट किमान २० सांगून १०० सुचवतं. होम वेगळं असेल तर रूटला ६० ते ८० जीबीत बहुतेकांचं निभावतं. जागा खाणारे कोण ते बघा: स्नॅप आणि फ्लॅटपॅक दोन्ही /व्हारमध्ये बसतात, डॉकरही तिथेच, टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट रूटवर ठेवले तर तेही. यांपैकी दोन वापरत असाल तर १०० च्या खाली जाऊ नका. अंदाजापेक्षा मोजणं बरं. एनसीडीयू हे छोटं साधन रूटवर चालवा, कुणी किती व्यापलंय ते समोर येतं.

ईएक्सटी४ फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखली जाते. रूट पार्टिशनवर ती असावी. पण १ टीबीच्या नुसत्या डेटाच्या पार्टिशनवर सुमारे ५० जीबी अडकतात. तिथे ट्यून२एफएसने टक्केवारी कमी करता येते.

१२. स्वॅप किती? रॅमच्या दुप्पट हा नियम अजून चालतो का?

स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा. दुपटीचा नियम रॅम मेगाबाइटमध्ये असण्याच्या काळातला. उबुंटूने १७.०४ पासून स्वॅप पार्टिशनऐवजी स्वॅप फाइल घेतली, आणि ती नंतर लहानमोठी करता येते. त्यामुळे वेगळं पार्टिशन सहसा नको. अपवाद हायबरनेटचा (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून संगणक बंद करण्याचा): त्याला रॅमइतकं तरी स्वॅप लागतं, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल हायबरनेट होऊच देत नाही. झाकण मिटल्यावर लॅपटॉप नुसता झोपणार असेल तर याची चिंता करू नका.

१३. होम वेगळं आहे. ते न पुसता सिस्टीम टाकायची कशी?

इन्स्टॉलरमध्ये 'संपूर्ण डिस्क पुसा' हा मोठ्या अक्षरातला पर्याय सोडून हाताने पार्टिशन निवडण्याचा पर्याय घ्या. जुनं रूट निवडा, माउंट रूटवर, फॉरमॅटची खूण करा. जुनं होम निवडा, फाइलसिस्टीम होती तीच ठेवा, माउंट /होमवर, फॉरमॅटची खूण करू नका. ईएफआय तसंच ठेवा (प्रश्न १५). पुढे बदलांचा सारांश दिसतो. त्यात 'फॉरमॅट होणार' या मथळ्याखाली कागदावर लिहिलेलं पार्टिशन सोडून दुसरं काही दिसलं तर मागे फिरा. त्या पानापर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं गेलेलं नसतं.

युजरचं नाव जुनंच द्या. लिनक्स मालक ओळखतो तो आकड्याने: पहिल्या युजरला १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. घरात दोन खाती असतील आणि नव्या सिस्टीमवर ती उलट क्रमाने तयार केली, तर आईच्या फाइल मुलाच्या नावावर जातात. क्रम तोच ठेवा, नाहीतर नंतर सीएचओन या कमांडने मालकी बदलावी लागेल.

१४. होम तेच ठेवलं, आता नवा डेस्कटॉप चमत्कारिक दिसतोय. पॅनेल गायब, थीम अर्धी.

जुन्या सेटिंग नव्या आवृत्तीला पचलेल्या नाहीत. डिस्ट्रो बदलताना किंवा जुन्या आवृत्तीवर परत जाताना हे हमखास होतं. लॉग-आउट करून कन्सोलवर जा, .कॉन्फिग, .लोकल आणि .कॅश यांची नावं बदला आणि पुन्हा लॉगिन करा. मग हव्या त्या ॲपचा फोल्डर जुन्यातून एकेक करून आणा. कीरिंग जुन्या .लोकलमध्ये आहे हे ध्यानात असू द्या.

१५. ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करायचं का?

विंडोज सोबत असेल तर कधीच नाही. त्याचा बूटलोडरही (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) तिथेच राहतो. विंडोज ते साधारण १०० एमबीचं करतं आणि ग्रबला (लिनक्सच्या बूटलोडरला) तेवढं पुरतं. कर्नलच ईएफआयमध्ये ठेवणाऱ्या पॉप ओएससारख्या डिस्ट्रोंना पुरत नाही. पूर्ण डिस्क तुमचीच असेल तर ५१२ एमबी ते १ जीबी द्या आणि विसरून जा.

१६. विंडोजही ठेवायचंय. आधी काय करू?

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन) चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर तुम्ही न सांगताही डिव्हाइस एनक्रिप्शन चालू असू शकतं. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. लिनक्स टाकल्यावर बूटचा मार्ग बदलतो आणि विंडोज ती मागू शकतं. सी ड्राइव्ह लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. उबुंटूचा इन्स्टॉलर बिटलॉकर असलेल्या ड्राइव्हला हात लावत नाही.

फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला तो एनटीएफएस ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता मिळतो. बॅकअप त्या ड्राइव्हवर घ्यायचा बेत असेल तर तो तिथेच फसतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज बहुधा आरएसटी किंवा रेड मोडवर असतं. ते एएचसीआय या साध्या मोडवर नेण्याआधी विंडोजला तयार करावं लागतं, नाहीतर ते बूट होत नाही.

१७. संगणकात दोन डिस्क आहेत. चुकीची पुसली जाऊ नये म्हणून काय करू?

शक्य असेल तर दुसरी काढून ठेवा. डेस्कटॉपमध्ये साटाची तार उपसायला मिनिट लागत नाही. बॅकअपची यूएसबी डिस्क तर इन्स्टॉलच्या वेळी जोडलेली असूच नये. काढता येत नसेल तर एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, बूटागणिक ती अदलाबदल होऊ शकतात. एलएसबीएलकेला मॉडेल आणि सीरियल दाखवायला सांगा आणि डिस्कवरच्या लेबलशी ताडा. बूटलोडर भलत्याच डिस्कच्या ईएफआयमध्ये जाऊन बसण्याचा घोळही यामुळे टळतो.

१८. चालू पार्टिशन लहान करून जागा काढता येईल?

ईएक्सटी४ माउंट असताना वाढवता येतं, लहान मात्र करता येत नाही. लाइव्ह यूएसबीवरून जीपार्टेड वापरा. पार्टिशनचा शेवट मागे घेणं त्यातल्या त्यात लवकर होतं. सुरुवात सरकवायची म्हटली की सगळा डेटा हलतो आणि तास लागतात. मधेच वीज गेली तर फाइलसिस्टीम अर्ध्यावर तुटते. तुमच्या भागात लोडशेडिंगचा वार असेल तर तो टाळा, डेस्कटॉपला यूपीएस आणि लॅपटॉपला चार्जर लावून बसा. बॅकअप तपासलेला असेल तर सगळं पुसून नव्याने आखणं बरेचदा कमी वेळाचं काम ठरतं.

१९. डिस्क एनक्रिप्टेड आहे. वेगळं काही?

एलयूकेएसमध्ये (लिनक्सच्या डिस्क एनक्रिप्शनमध्ये) खरी किल्ली पार्टिशनच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये असते, तुमचा पासवर्ड फक्त ती उघडतो. हेडरवर काही लिहिलं गेलं तर पासवर्ड पाठ असूनही डेटा गेला. म्हणून क्रिप्टसेटअपने हेडरची प्रत काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. होम एलयूकेएसमध्ये असेल तर इन्स्टॉलरला ते दाखवूच नका. सिस्टीम टाका आणि नंतर क्रिप्टटॅब व एफएसटॅबमध्ये दोन ओळी घालून जोडा.

मिंटमध्ये नुसतं होम एनक्रिप्ट केलं असेल (ईक्रिप्टएफएस) तर लॉगिन करून बॅकअप घ्या. लाइव्ह यूएसबीवरून घेतलात तर अगम्य नावांच्या फाइलींचा ढीग मिळेल. पर्याय नसेल तर /होममधला लपलेला .ईक्रिप्टएफएसही उचला.

२०. नवी एसएसडी घेतली आहे. नव्याने टाकण्यापेक्षा जुनी डिस्क क्लोन केली तर?

सिस्टीम निरोगी असेल तर क्लोनझिलाने जरूर करा. पण क्लोनमध्ये यूयूआयडीही तेच येतात. दोन्ही डिस्क जोडून संगणक चालू केलात तर कोणत्या रूटवरून बूट झालं ते सांगता येत नाही, आणि आज लिहिलेलं उद्या दिसत नाही. क्लोन झाला की जुनी डिस्क काढा.

२१. सिस्टीम बूटच होत नाही. बॅकअप कसा घेऊ?

लाइव्ह यूएसबीवरून. पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट करा आणि सुडोने आरसिंक चालवा, नाहीतर परवानगीअभावी फाइल सुटतात. कॉपी करताना टकटक आवाज किंवा इनपुट-आउटपुट त्रुटी आल्या तर थांबा. डिस्क्स या ॲपमध्ये स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीची) माहिती बघा. पेंडिंग किंवा रीॲलोकेटेड सेक्टरचा आकडा वाढत असेल तर डिस्क चालली आहे. मग डीडीरेस्क्यूने मॅपफाइलसह पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा आणि फाइल त्या प्रतिमेतून शोधा. अशा डिस्कवर एफएससीके (फाइलसिस्टीम दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका, ते तिच्यावर लिहितं.

२२. चुकून भलतंच पार्टिशन फॉरमॅट झालं. परत मिळेल?

संगणक तत्काळ बंद करा. नुसतं पार्टिशन टेबल बदललं असेल तर टेस्टडिस्क बरेचदा जुनी पार्टिशनं शोधून देतं. हार्डडिस्कवर फॉरमॅट झालं असेल तर फोटोरेक फाइल काढतं, पण नावं आणि फोल्डर हरवलेले असतात. एसएसडीवर आशा फार कमी. ईएक्सटी४ फॉरमॅट करतानाच डिस्कला 'ही जागा रिकामी' असं कळवलं जातं आणि ती आतून साफ होते.

२३. सगळं टाकून झालं. जुना बॅकअप कधी पुसू?

एवढ्यात नको. पहिल्या आठवड्यात न आठवलेल्या गोष्टी पुढे लागतात: वर्षातून एकदा वापरायचं सही-टोकन, स्कॅनरचं सेटिंग, गेल्या मार्चची हिशेबाची फाइल. नव्या सिस्टीमचा स्वतःचा बॅकअप सुरू होऊन तो प्रश्न ९ प्रमाणे तपासून होईपर्यंत जुन्याला हात लावू नका. डिस्कवर जागा कमी पडत असेल तर त्यातलं .कॅश, ट्रॅश आणि डाउनलोड्समधल्या आयएसओ तेवढ्या काढा.